बियाफ्राची रसद: चर्चची विमाने आणि धर्मग्रामांचे जाळे

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर, विषुववृत्ताला लागून साओ टोमे नावाचे लहानसे बेट आहे. १९६८ च्या ऑगस्टपासून १९७० च्या जानेवारीपर्यंत या बेटावरून संध्याकाळी मालवाहू विमाने उडत. सुमारे सहाशे किलोमीटर उत्तरेला, नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्रात, झाडीतून काढलेल्या एका डांबरी रस्त्यावर ती अंधारात उतरत आणि माल टाकून उजाडायच्या आत परतत. विमाने चर्चने भाड्याने घेतलेली किंवा विकत घेतलेली होती. कॅथलिकांची कारितास, नॉर्डिक देशांतल्या चर्चनी मिळून उभारलेली नॉर्डचर्चएड, अमेरिकेतल्या कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस आणि चर्च वर्ल्ड सर्व्हिस, कॅनडातली कॅनएअररिलीफ, आणि त्यांच्या जोडीला अमेरिकेतल्या ज्यू संस्थाही. या सगळ्यांची मोट 'जॉइंट चर्च एड' या नावाखाली बांधली गेली. एकूण ५,३१४ फेऱ्या आणि सुमारे ६०,००० टन माल, असा या कामाचा हिशेब सांगितला जातो.

या कामाबद्दल जे काही लिहिले जाते ते बहुतेक विमानांबद्दल असते. अंधारातले उतरणे, बॉम्ब, वैमानिकांचे धाडस. ते सगळे खरे आहे आणि त्याबद्दल पुढे लिहिले आहेच. पण जीव वाचले ते दोन कमी दिसणाऱ्या गोष्टींमुळे, असे माझे ठाम मत आहे. एक, विमानात काय भरायचे हे अचूक ठरवले गेले. दोन, माल उतरल्यावर तो गावापर्यंत नेणारी साखळी युद्धाच्या कितीतरी आधीपासून जागेवर होती. आणि याच कामाची जी किंमत मोजावी लागली तीही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी.

आधी थोडी पार्श्वभूमी. नायजेरियाचा पूर्व प्रांत ३० मे १९६७ रोजी तिथले लष्करी गव्हर्नर ओजुक्वू यांच्या नेतृत्वाखाली फुटून निघाला आणि त्याने 'बियाफ्रा' हे नाव घेतले. ६ जुलैला युद्ध सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये राजधानी एनुगू पडली आणि मे १९६८ मध्ये पोर्ट हारकोर्ट हे बंदर गेले. त्यानंतर बियाफ्राला समुद्र उरला नाही. चहूबाजूंनी वेढा पडला आणि आतमध्ये आधीच पळून आलेल्या निर्वासितांची गर्दी. रसद तुटली म्हणजे काय होते हे पानिपत वाचलेल्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. फरक इतकाच की इथे रसद तुटलेल्यांत बहुतेक बायका आणि मुले होती.

ही उपासमार नेमकी कशाची होती, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. बियाफ्रात बहुसंख्य असलेल्या इग्बो लोकांचे मुख्य अन्न म्हणजे सुरणासारखा याम आणि कसावा. कसावा म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तोच कंद; तो किसून, आंबवून, भाजून त्याची 'गारी' करतात. पोट भरते, पण त्यात प्रथिने जवळपास नसतात, एक-दोन टक्के फार झाले. प्रथिने येत ती बाहेरून. गुरे उत्तर नायजेरियातून, आणि वाळवलेला कॉड मासा थेट नॉर्वेहून. इग्बो भाषेत त्याला 'ओकपोरोको' म्हणतात आणि तिथल्या रस्सेदार जेवणात तो आजही हवाच असतो. युद्धाने उत्तरेचा रस्ता बंद झाला, बंदर गेल्यावर नॉर्वेचा मासा बंद झाला. कंद काही प्रमाणात शेतात होतेच. म्हणून मुले निव्वळ हाडे होऊन मरत नव्हती; त्यांचे पाय आणि चेहरे सुजत होते, केस तांबूस होऊन गळत होते, कातडी सोलून निघत होती. हा आजार म्हणजे क्वाशिओरकोर. सिसिली विल्यम्स या डॉक्टरने १९३० च्या दशकात गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, त्याचे वर्णन केले होते. जून १९६८ पासून युरोपच्या वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर त्याची छायाचित्रे झळकली आणि पैसा वाहू लागला.

आता साधा गुणाकार करून पाहा. ६०,००० टन माल सुमारे सव्वापाचशे रात्रींत गेला. म्हणजे रात्रीला सरासरी ११५ टन. वेढ्यातल्या लोकसंख्येचे अंदाज वेगवेगळे आहेत. तीस लाख धरले तरी माणशी दिवसाला चाळीस ग्रॅमही होत नाहीत. चाळीस ग्रॅम तांदळाने कुणाचे पोट भरत नाही. पण हेच चाळीस ग्रॅम जर वाळवलेल्या माशाचे असतील, तर त्यात तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि तेवढी एका लहान मुलाला दिवसभर पुरून उरतात. उष्मांक शेतातल्या कसाव्यातून यायचे, प्रथिने विमानातून, आणि मीठही, कारण समुद्र तुटल्यावर मीठही संपले होते. ही विभागणी ज्यांनी पहिल्यापासून ओळखली, त्यांनी विमानाच्या प्रत्येक किलोचे सोने केले. पीठ आणि तांदूळ भरून विमाने पाठवली असती तर छायाचित्रे तशीच निघाली असती, मुले मात्र मेली असती.

वाळवलेला कॉड या कामाला फारच योग्य. कोकणात बांबूच्या मांडवावर बोंबील वाळतात, तसाच तो नॉर्वेच्या उत्तर भागात थंड वाऱ्यात लाकडी मांडवावर वाळतो. मीठ अजिबात न लावता. त्यातले पाणी जवळजवळ सगळे उडते, प्रथिनांचे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या जवळ जाते. शीतगृह लागत नाही, डबा लागत नाही, गासड्या बांधल्या की झाले. गासडी आपटली तरी काही सांडत नाही. पिशवी फुटली की दूध पावडर मात्र अर्धी चिखलात जाते. दुसरा फायदा असा की लोकांना तो ओळखीचा होता. कसा शिजवायचा हे कुणाला शिकवावे लागले नाही. अडचण एकच. तो लाकडासारखा कडक असतो. रात्रभर भिजवावा लागतो, आणि आजारी मुलासाठी तर भिजवून, कुटून, काटे काढून रश्शात मिसळावा लागतो. ज्या केंद्रात उखळ, सरपण आणि पाणी यांची सोय नाही, तिथे मासा पोहोचूनही मुलाच्या पोटात जात नाही.

त्याच्या बरोबरीने मक्याचे, सोयाबीनचे पीठ आणि दूध पावडर यांचे मिश्रण यायचे. सीएसएम या नावाने ते अमेरिकेच्या अन्नमदतीत १९६६ पासून होते. सुमारे वीस टक्के प्रथिने, आणि पाण्यात काही मिनिटे शिजवले की लापशी तयार. फार आजारी मुलांसाठी युनिसेफने याच युद्धाच्या काळात 'के-मिक्स २' बनवले: कॅल्शियम केसिनेट (दुधापासून काढलेले प्रथिन) ३ भाग, साय काढलेल्या दुधाची पावडर ५ भाग, साखर १० भाग. असे १०० ग्रॅम मिश्रण आणि ६० ग्रॅम तेल एक लिटर पाण्यात घोटायचे. त्यात अ-जीवनसत्त्व मुद्दाम मिसळलेले असे, आणि त्याचे कारण प्रत्येक मदतकार्यकर्त्याला ठाऊक असायला हवे. साय काढताना दुधातले अ-जीवनसत्त्व निघून जाते. कुपोषित मुलाला नुसते तसले दूध दिले की वाढ सुरू होते, शरीरातला उरलासुरला साठा वापरला जातो आणि डोळ्याचे बुबुळ कोरडे पडून मूल आंधळे होऊ शकते. सढळ हाताने वाटलेली साधी दूध पावडर आणखी दोन प्रकारे घात करते. गढूळ पाण्यात कालवली की जुलाब, आणि पुरवून पुरवून वापरायची म्हणून आई ती पातळ करत जाते. म्हणून दूध कोरडे घरी द्यायचे नाही, केंद्रावर उकळलेल्या पाण्यात कालवून समोर पाजायचे, हा नियम झाला.

आता उतरण्याची पट्टी. ओनित्शा आणि ओवेरी यांच्यामधल्या रस्त्याचा एक सरळ तुकडा रुंद करून उली येथे धावपट्टी केली होती. रुंदी जेमतेम ७५ फूट. तिथे उतरणाऱ्या डीसी-७सी विमानाच्या पंखांचा पसारा १२७ फूट, आणि नंतर आलेल्या सी-९७ चा १४१. म्हणजे चाके डांबरावर आणि पंख दोन्ही बाजूंना गवतावर, झाडांच्या रांगेकडे झुकलेले. नायजेरियाची मिग विमाने दिवसा उडायची, म्हणून मदत रात्रीच. किनारा ओलांडताना खालून तोफा. म्हणून उंचावरून यायचे, दिवे बंद. उलीवर एक नायजेरियन बॉम्बफेकी विमान तासन्‌तास घिरट्या घालत राहायचे, पट्टीवर दिवे लागण्याची वाट पाहत. म्हणून दिवे शेवटच्या क्षणी, काही सेकंदांपुरते लावायचे. चाके टेकली की पुन्हा काळोख. परतीचे इंधन साओ टोमेहूनच भरून यावे लागे, कारण उलीत ते मिळण्याची सोय नव्हती. त्यामुळे टाकीतल्या प्रत्येक टनामागे एक टन अन्न कमी.

माल उतरवायला हमालांच्या टोळ्या पट्टीच्या कडेच्या खंदकांत तयार असत. दहा टन माल हातांनी, अंधारात. जितका वेळ विमान जमिनीवर, तितका धोका. आणि त्या रात्री दुसरी फेरी होणार की नाही हेही त्याच मिनिटांवर ठरायचे. भरणे नीट झाले नाही तर उतरवणे लांबते: जड पोती आत आणि हलक्या गासड्या दाराशी रचल्या तर आधी सगळे हलके बाहेर काढून मग जडाला हात लागतो. साओ टोमेला विमान भरतानाच उलीतला क्रम डोक्यात ठेवावा लागे. या कामात माणसे गेली. ३ ऑगस्ट १९६९ च्या रात्री कॅनएअररिलीफचे सुपर कॉन्स्टेलेशन उलीजवळ कोसळून चौघे मेले, आणि ते एकटेच नव्हते.

सुरुवात मात्र चर्चच्या स्वतःच्या विमानांनी झाली नव्हती. १९६८ च्या आरंभी फादर अँथनी बर्न हे आयरिश धर्मगुरू लिस्बनहून शस्त्रे नेणाऱ्या एका ठेकेदाराच्या विमानांत जागा भाड्याने घेऊन अन्न पाठवत होते. दुसरा वाहक मिळतच नव्हता. ऑगस्टमध्ये तोफांचा मारा इतका वाढला की उड्डाणे थांबली. तेव्हा स्वीडनचे वैमानिक काउंट कार्ल गुस्ताफ फोन रोसेन यांनी एक डीसी-७ झाडांच्या शेंड्यांना लागेल इतके खाली ठेवून उलीला नेले आणि वाट अजून उघडी आहे हे सिद्ध केले. त्यानंतर नॉर्डचर्चएडची नियमित विमाने सुरू झाली. अमेरिकन सरकारने जुनी सी-९७ विमाने आठ दिली, चार चर्चना आणि चार रेडक्रॉसला. आयर्लंडमध्ये कन्सर्न ही संस्था याच साठी जन्मली आणि तिने साओ टोमेला अख्खे जहाज पाठवले. बेटापर्यंत माल जहाजाने नेणे स्वस्त. शेवटचे सहाशे किलोमीटर तेवढे महाग.

साओ टोमे ही तेव्हा पोर्तुगालची वसाहत. ज्या सालाझारच्या राजवटीला १९६१ च्या डिसेंबरात गोवा सोडावा लागला, त्याच राजवटीने हा तळ वापरू दिला. त्यात भूतदया किती आणि मोठ्या आफ्रिकी देशाचे तुकडे व्हावेत ही इच्छा किती, हे गोव्याचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाने स्वतः ताडावे. भारताची बाजू अर्थातच उलट होती. नायजेरियाच्या कडुना येथील लष्करी अकादमीच्या उभारणीत भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा आहे.

आता साखळीकडे येऊ, कारण माझ्या मते सगळे यश तिथे आहे. अँग्लिकन मिशन ओनित्शाला १८५७ पासून, कॅथलिक मिशन १८८५ पासून, आणि कलाबारकडे स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन १८४६ पासून. आयरिश होली घोस्ट संघाच्या धर्मगुरूंनी पिढ्यान्‌पिढ्या इथे शाळा काढल्या होत्या. परिणाम असा की बियाफ्राच्या प्रत्येक कोपऱ्यात एक धर्मग्राम होते, म्हणजे वसईकडचा माणूस ज्याला धर्मग्राम म्हणतो तेच: एक चर्च, एक शाळा, बहुधा एक दवाखाना, नावे माहीत असलेला एक फादर, त्याच्या हाताखाली गावोगावचे धर्मशिक्षक, आणि सिस्टर्स, ज्यांतल्या अनेकजणी परिचारिका. उमुआहियाचे क्वीन एलिझाबेथ इस्पितळ तर तीन प्रोटेस्टंट पंथांनी मिळून चालवलेले. बाहेरून येणाऱ्या संस्थेला जे उभारायला वर्ष लागते ते सगळे इथे तयार होते. गोदाम म्हणून शाळेचा वर्ग, यादी म्हणून बाप्तिस्म्याची आणि शाळेची वही, भांडे मोठे हवे तर सणाला वापरायचे पातेले.

साखळी कागदावर सोपी दिसते. उलीहून ट्रक रात्रीच मुख्य गोदामात, तिथून धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या क्षेत्राच्या, गोदामात, तिथून धर्मग्रामात, आणि तिथून आहारकेंद्रे, निर्वासित छावण्या आणि आजारी मुलांसाठीच्या छोट्या शुश्रूषागृहांत. प्रत्येक हातबदलाला पोती मोजून सही. गळती बहुतेक वेळा गोदामात होत नाही, ती रस्त्यात होते: पेट्रोल संपते, टायर फुटतो, लष्कराची चौकी ट्रक अडवून 'थोडे' मागते. बियाफ्रात पेट्रोल जंगलातल्या घरगुती भट्ट्यांत गाळले जात होते. म्हणून पोत्यांच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा हिशेब होता तो इंधनाचा आणि सुट्या भागांचा. अन्नाने भरलेल्या विमानात एका कोपऱ्यात ट्रकचे फॅनबेल्ट आणि टायर असणे ही चैन नव्हे. देणगीदाराला त्याचे फोटो आवडत नाहीत, एवढेच.

वाटपाचे दोन प्रकार असतात आणि त्यांतली निवड जीवनमरणाची असते. कोरडा शिधा घरी दिला तर आईला चालायचे एकदाच, पण घरात तो सगळ्यांत वाटला जातो. आजारी मुलाच्या वाट्याला पाचवा हिस्सा येतो. शिजवून केंद्रावर खाऊ घातले तर मुलाच्याच पोटात जाते, पण आईला रोज यावे लागते, बाकीची मुले घरी उपाशी, आणि गर्दीत गोवर पसरतो. उघड्यावरच्या गर्दीला दिवसा विमानांचा धोका; म्हणून केंद्रे झाडांखाली आणि वेळ पहाटेची. सरधोपट उत्तर नाही. सूज आलेल्या मुलांना केंद्रावर, बाकीच्यांच्या घरी शिधा, आणि आजारी मुलाला आणणाऱ्या आईला तिच्यासाठी वेगळी वाटी, ही मिश्र पद्धत सर्वांत कमी वाईट. आईची वाटी विसरली की ती चौथ्या दिवशी येत नाही.

पण कुठले मूल आधी? हजारो मुले रांगेत, वजनकाटा नाही, वय कुणाला पक्के ठाऊक नाही. वजन तसेही फसवते, कारण सुजेचे पाणी वजनात मोजले जाते. मरणाच्या दारातले मूल काट्यावर ठीक दिसते. यावर क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या पथकाने याच युद्धात एक साधे साधन वापरात आणले, ते 'क्वॅक काठी' या नावाने ओळखले जाते. डाव्या दंडाचा घेर खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून, फितीने मोजायचा. मग मूल एका उभ्या काठीला पाठ लावून उभे करायचे. काठीवर उंचीचे आकडे नसतात, दंडाच्या घेराचे असतात. प्रत्येक आकडा ज्या उंचीला तो घेर अपुरा ठरतो तिथे कोरलेला. मुलाचे डोके त्याच्या स्वतःच्या घेराच्या खुणेच्या वर गेले, तर उंचीच्या मानाने दंड बारीक, मूल आत. ना वय विचारायचे, ना भागाकार करायचा. शाळेत चार इयत्ता झालेली मुलगीही तासाभरात शेकडो मुले पारखू शकते. चुका ठरलेल्या आहेत: फीत घट्ट आवळणे, कोपर वाकलेले असणे, रडणारे मूल पाय वाकवून उभे राहणे. आणि सर्वांत धोक्याची चूक म्हणजे सूज न तपासणे. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबायचे. खळगा राहिला तर काठी काय म्हणते ते न पाहता मूल आत घ्यायचे. दंड मोजायच्या आजच्या रंगीत फितीवरची ११.५ सेंटीमीटरची लाल खूण याच विचाराची पुढची पायरी आहे.

आत घेतल्यावर घाई करायची नसते. हे तेव्हा पुरेसे कळलेले नव्हते आणि आजही नवख्या स्वयंसेवकाचा हात इथेच चुकतो. भुकेल्या मुलाला पहिल्याच दिवशी मनसोक्त खाऊ घातले तर हृदय थांबू शकते. आजच्या पद्धतीत एफ-७५ नावाचे पातळ दूध, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. फार सूज असलेल्या मुलाला दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटर, सूज नसलेल्याला १३०. मीठ कमी, पहिल्या आठवड्यात लोह नाही, सूज उतरवायला लघवीची गोळी कधीच नाही. अंग उबदार ठेवायचे, कारण उष्ण प्रदेशातही अशी मुले पहाटे गारठून मरतात. प्रतिजैविक सगळ्यांना, कारण या मुलांना जंतुसंसर्ग झाला तरी ताप येत नाही. भूक परत आली आणि सूज उतरू लागली की मगच दाट अन्न. म्हणून विमानातल्या मालाइतकीच रात्रपाळीला बसणारी माणसे लागतात, आणि सिस्टर्सनी तयार केलेल्या गावातल्या मुलींनी ते बळ दिले.

आता किंमत. उलीच्या पट्टीवर अन्नाची आणि शस्त्रांची विमाने एकाच रात्री, एकाच रांगेत उतरत. अन्नाच्या विमानांच्या गर्दीत शस्त्रांच्या विमानांना आडोसा मिळायचा, आणि म्हणूनच ओजुक्वू दिवसाच्या, तपासणी झालेल्या उड्डाणांना तयार नव्हते. नायजेरियाने देऊ केलेला जमिनीचा मार्गही त्यांनी नाकारला. अन्नात विष घातले जाईल ही भीती पुढे केली गेली. दुसरीकडे नायजेरियाने उपासमार हे वेढ्याचे हत्यारच मानले होते. दोन्ही बाजूंनी मुलांची भूक मोजूनमापून वापरली. १९६८ मध्ये ओबिलागू येथे केवळ मदतीसाठी वेगळी पट्टी रेडक्रॉसला मिळाली. तिच्यावरही बॉम्ब पडले आणि काही आठवड्यांत तो भागच हातचा गेला.

पैशाचा प्रश्न त्याहून अवघड. आतमध्ये कंद विकत घ्यायचे, हमालांची आणि परिचारिकांची मजुरी द्यायची, तर बियाफ्राचे चलन लागते. ते परकी चलन देऊन, बियाफ्रा सरकारने ठरवलेल्या दराने घ्यावे लागे. ते परकी चलन मग शस्त्रखरेदीला मोकळे. चर्चनी हे अजाणता केले नाही. त्यांना दिसत होते. यावर माझे मत असे: दुसरा पर्याय मुलांना मरू देण्याचा होता, आणि तो चर्चने स्वीकारला नाही हे बरोबरच झाले. पण विनिमयाच्या दरावर सर्व संस्थांनी मिळून भांडायला हवे होते, आणि जितके सामान वस्तूंच्या रूपात नेता येईल तितके रोखीत न्यायला नको होते. पगार मिठात आणि माशात देता आला असता. युद्ध या मदतीमुळे लांबले का, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे, आणि १९६९ मध्ये जागतिक चर्च परिषदेच्या वर्तुळातच ही शंका उघड बोलली जात होती.

फोन रोसेन यांचे पुढचे पाऊल मात्र मला समर्थनीय वाटत नाही. मे १९६९ मध्ये त्यांनीच छोट्या एमएफआय-९ विमानांना रॉकेट लावून नायजेरियाच्या विमानतळांवर हल्ले केले. कालचा अन्न आणणारा वैमानिक आज हल्ला करतो म्हटल्यावर खाली बसलेल्या तोफचीला अन्नाचे विमान वेगळे का वाटावे? ५ जून १९६९ रोजी नायजेरियन मिगने रेडक्रॉसचे एक डीसी-७ पाडले, चौघे मेले. दोन घटनांचा थेट धागा जोडण्याचा पुरावा माझ्यासमोर नाही, पण वातावरण त्या आठवड्यांत विषारी झाले होते यात शंका नाही. त्यानंतर रेडक्रॉसने उड्डाणे थांबवली. त्यांना दोन्ही सरकारांची संमती लागते. तोच त्यांच्या कामाचा पाया. चर्चना ती लागत नव्हती. चर्चची उड्डाणे काही काळ थांबून पुन्हा सुरू झाली, पण पूर्वीचा जोर राहिला नाही आणि त्या पावसाळ्यात आत मृत्यू वाढले.

कायदाही तेव्हा अपुरा होता. चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम २३ प्रमाणे पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर आणि बाळंत स्त्रिया यांचे अन्न जाऊ द्यायचे, पण ते शत्रूच्या उपयोगी पडणार नाही अशी खात्री असली तरच. वेढा घालणाऱ्याला नाही म्हणायला एवढी फट पुरते. नागरिकांना उपाशी मारणे हे युद्धाचे साधन म्हणून वापरायला स्पष्ट बंदी आली ती १९७७ च्या पूरक करारांत, आणि अंतर्गत युद्धांनाही ती लागू झाली.

युद्ध १५ जानेवारी १९७० रोजी शरणागतीने संपले. त्याआधी दोन-तीन दिवस उली पडले होते. नायजेरिया सरकारने साओ टोमेवरचा साठा घ्यायला नकार दिला. ज्यांनी परवानगीवाचून आमच्या आकाशात विमाने आणली त्यांचे अन्न नको, ही भूमिका. राष्ट्र म्हणून ती समजते, पण बेटावर गोदामे भरलेली आणि ओवेरीकडे मुले रांगेत, असे ते आठवडे होते. उरलेल्या परदेशी धर्मगुरूंवर आणि सिस्टर्सवर विनापरवाना प्रवेशाचे खटले भरून त्यांना देशाबाहेर काढले. गॅबन आणि आयव्हरी कोस्टला विमानाने हलवलेली मुले संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगाच्या मदतीने १९७० च्या अखेरीपासून परत आणली गेली. कित्येकांची घरे शोधायला पुन्हा धर्मग्रामांच्या वह्याच उघडाव्या लागल्या असणार. मिशनच्या शाळा राज्य सरकारने ताब्यात घेतल्या. परदेशी फादर गेल्यावर धर्मग्रामे चालवण्याचे काम इग्बो धर्मगुरूंवर, धर्मशिक्षकांवर आणि त्याच परिचारिकांवर आले, आणि ते आजतागायत त्यांच्याकडेच आहे.